बारमाशीचं पाणी

खानापूरच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात समतानं फोनवरचा नकाशा भरमूआप्पापुढं धरला आणि म्हणाली, "आप्पा, करंजगाळी नावाचं गाव यात दिसतच नाही. इथं नुसतं जंगल आहे."

म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला, मिशा पुसल्या आणि शांतपणे विचारलं, "मग सकाळी उठून मी कुठनं आलतो, बाई?"

शेजारच्या बाकावरचे दोघं-तिघं हसले. समतालाही हसू आवरलं नाही. फोन पिशवीत टाकत ती म्हणाली, "मग उद्या मला तिथं घेऊन चला."

या गोष्टीला आता साडेपाच वर्षं झाली. समता तेव्हा चौतीस वर्षांची होती. बेळगावच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायची आणि तिथंच अनगोळात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. सुट्टीचे दिवस मात्र ती आशुतोषच्या कामाला द्यायची. आशुतोष तिचा वर्गमित्र. वकिली सोडून त्यानं एक लहानशी संस्था काढली होती. खानापूरच्या जंगलपट्ट्यात शहरातली माणसं झुंडीनं यायला लागली होती. धबधब्याखाली बाटल्यांच्या काचा पडत होत्या आणि गावातल्या माणसाच्या वाट्याला त्या काचा तेवढ्या येत होत्या. आशुतोषचं म्हणणं साधं होतं. पाहुणे यावेत, पण गावाला झेपतील तेवढेच. त्यांनी गावच्या घरात राहावं, गावचं खावं, गावच्याच माणसाचं बोट धरून रान बघावं. पण कुठल्या वाडीला किती माणसं झेपतील हे ठरवायचं तर आधी वाडी कुठं आहे ते तरी कळायला हवं. पायवाटा, गव्यांच्या उतरायच्या जागा, उन्हाळ्यात टिकणारं पाणी, सगळं नकाशावर यायला हवं होतं.

आणि तो नकाशा खुला असावा, असा समताचा हट्ट होता. जगभरची हौशी माणसं मिळून असा एक नकाशा करतात; कुणीही त्यात भर घालावी, कुणीही तो फुकट वापरावा. समता वर्षानुवर्षं त्यात भर घालत आली होती. हे वेड तिला पुस्तकातून लागलं नव्हतं. तिचा बाप सिद्राम निपाणीकडच्या एका सरकारी कचेरीत शिपाई होता. त्यांच्या घराण्याची ओढ्याकाठी दोन एकर वतनाची जमीन होती. शेजारचा दरसाल बांध हातभर अलीकडं सरकवायचा. सिद्रामच्या बापानं गावचा नकाशा बघायला मिळावा म्हणून कचेरीच्या किती फेऱ्या मारल्या याला गणती नाही. आज साहेब नाहीत, उद्या कपाटाची किल्ली नाही, परवा 'तुला नकाशातलं काय कळतंय रं?' पुढं सिद्राम तसल्याच कचेरीत चिकटला आणि तसल्याच कपाटावरची धूळ सव्वीस वर्षं पुसत राहिला. एके दिवशी साहेबांच्या गैरहजेरीत त्यानं तो नकाशा काढून बघितला. दोन एकर त्यात होते. जमिनीवर मात्र ते त्या शेजाऱ्याकडून पुढं तीन जणांच्या हाती गेले होते. समता एम. एस्सी. झाली त्या दिवशी त्यानं तिला हे सांगितलं. आधीही नाही, नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी भरमूआप्पा रस्त्याच्या वळणावर उभा होता. सत्तरीचा, काटक, कमरेला कोयता. करंजगाळीत सात घरं होती. समतानं तिथंच पायरीवर बसून गावाचं नाव टाकलं आणि हिरव्या पट्ट्यात उमटलेली ती पाच अक्षरं आप्पाला दाखवली. आप्पानं फोन हातात घेतला, बायकोला हाक मारली, "गुणे, ये गं हिकडं, आपलं गाव आलंया बघ." गुणाबाईनं चुलीपुढून उठून, पदराला हात पुसून बघितलं. "बरं झालं," म्हणाली, "पण घरं कुठं हाईत त्यात? आपलं घर कंचं?" मग समतानं सातही घरं एकेक करून टाकली.

तो सबंध हिवाळा ती दर शनिवार-रविवारी येत राहिली. आप्पा पुढं, ती मागं. तो चालता चालता सांगायचा: ही वाट पारवाडकडं जाते, ही पावसात धरू नये, हितं अस्वलं करवंदं खायला येतात. फोन खिशात आपोआप वाट टिपत जायचा. एका ठिकाणी मोठं झाड आडवं पडलं होतं म्हणून त्यांनी लांबचा वळसा घातला. नकाशावर तिथं वाटेला पोट सुटल्यासारखा बाक आला. आप्पाला त्याची फार गंमत वाटली. "झाड कुजून जाईल, पर तुझा वळसा ऱ्हाईल," तो म्हणाला. आळसापायी समतानं तो तसाच ठेवला.

जानेवारीत त्यानं तिला बारमाशी दाखवली. गावाच्या वरच्या अंगाला, जांभ्या दगडाच्या कपारीतून मनगटाएवढी धार पडत होती. खाली हातभर खोल डोह, त्याच्या कडेनं नेचे. वैशाख असो की जेठ, ही धार तुटलेली कुणी बघितली नव्हती, म्हणून तिचं नाव बारमाशी. सातही घरं तिच्यावर जगत होती.

आप्पानं हात धुतले, एका रुंद पानाचा द्रोण केला, भरला आणि तिच्यापुढं धरला. समता क्षणभर थांबली. तिची आजी तानीबाई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिला पाणी वरून ओतायचे आणि ती ओंजळीनं प्यायची. आजीचं ते वाकून पिणं समतानं लहानपणी डोळ्यांनी बघितलं होतं.

"आप्पा," ती म्हणाली, "मी निपाणीची. बौद्ध वस्तीतली."

"बरं मग?" आप्पा म्हणाला. "तिकडल्या मान्सास्नी तहान लागत न्हाय व्हय?"

ती प्यायली. इतकं गार पाणी होतं की दात शिवशिवले. मग तिनं फोन काढला. नकाशा एकेक प्रश्न विचारत होता. झरा आहे का? आहे. पिण्याजोगा? होय. वर्षभर वाहतो? तिनं आप्पाकडं बघितलं.

"ह्ये कोन बघनार?" आप्पानं विचारलं.

"कुणीही, आप्पा. जगातलं कुणीही."

आप्पा जरा वेळ धारेकडं बघत राहिला. मग म्हणाला, "टाक. पान्याला कुनाला न्हाय म्हनू न्हाय."

तिनं 'होय' वर बोट टेकवलं.

पुढचे दोन हिवाळे चांगले गेले. करंजगाळीच्या तीन घरांनी एकेक खोली सारवून पाहुण्यांसाठी मोकळी ठेवली. एका वेळी आठच माणसं, असं गावानं बसून ठरवलं. गुणाबाईच्या हातची तांदळाची भाकरी आणि कुळथाचं कढण खाऊन पुण्याची माणसं तिच्या पाया पडायची आणि ती लाजून आत पळायची. आप्पाचा पुतण्या परशराम खानापूरच्या लाकडाच्या वखारीतलं काम सोडून गावात परत आला आणि पाहुण्यांना रान दाखवायला लागला. आशुतोषच्या संस्थेनं या सगळ्याचा एक अहवाल केला. समतानं तयार केलेले नकाशे त्यात होते, आणि उन्हाळ्यात टिकणाऱ्या पाण्याचा नकाशा त्यातला सगळ्यात देखणा होता: निळ्या ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याशी धारेची जाडी लिहिलेली. अहवालही खुला होता. कुणीही उतरवून घ्यावा.

बेळगावात एका परिषदेत तिनं तो मांडला. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "मॅडम, हे सगळं चुकीच्या माणसाच्या हातात पडलं तर?"

समता हसून म्हणाली, "चुकीच्या माणसाकडं नकाशे आधीपासूनच असतात. नसतात ते आपल्याकडं."

टाळ्या पडल्या. ती मुलगी खाली बसली. समताला त्या उत्तराचा कितीतरी दिवस अभिमान वाटत राहिला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात बारमाशीच्या वरच्या टेकाडावर तारेचं कुंपण पडलं. ती जमीन पहिल्यापासून खाजगी होती. मालक लांबच्या शहरात राहायचा आणि गावानं त्याला कधी बघितलं नव्हतं. त्यानं ती विकली. यंत्रं आली, रस्ता झाला, बोअरच्या गाड्या तीन दिवस घरघरत राहिल्या. दिवाळीच्या सुमाराला रिसॉर्ट उभं राहिलं: चोवीस खोल्या, पोहण्याचा तलाव, हिरवळ. आप्पानं फोनवर सांगितलं तेव्हा समता म्हणाली, "बघू, आशुतोषशी बोलते." ती बोललीही. दोघांना वाटलं, एवढं मोठं काम, परवानग्या असतीलच. पुढं बघता येईल.

फेब्रुवारीत आप्पाचा पुन्हा फोन आला. नेहमी मोठ्यानं बोलणारा माणूस हळू बोलत होता.

"पोरी, बारमाशी बारीक झालीया गं."

"किती, आप्पा?"

"करंगळीएवढी."

ती दुसऱ्याच दिवशी गेली. धार खरंच करंगळीएवढी होती आणि डोहाच्या काठावर पाण्याची जुनी रेघ वीतभर वर दिसत होती. नेचे पिवळे पडले होते. आप्पा तिच्याकडं बघत राहिला, जणू शिकलेल्या बाईनं आता काहीतरी करायचं होतं.

ती तशीच चढून रिसॉर्टवर गेली. दारातल्या भिंतीवर परिसराचा मोठा रंगीत नकाशा लावलेला होता. ती त्याच्यापुढं उभी राहिली. पायवाटेला तो बाक होता. पडलेल्या झाडाचा वळसा. झाड केव्हाच कुजून गेलं होतं. माणसं सरळ वाटेनं जात होती. पण इथं तो बाक सोनेरी रंगात रंगवलेला होता.

व्यवस्थापक तरुण, फार अदबशीर होता. तिचं नाव ऐकून त्याचा चेहरा उजळला.

"मॅडम, तुम्ही? आमचे साहेब दोन वर्षं घाटात जागा शोधत होते. वर्षभर पाणी असलेली जागा मिळेना. तुमच्या रिपोर्टमध्ये हा ठिपका बघितला आणि त्यांनी इथंच घ्यायचं ठरवलं." त्यानं भिंतीवरच्या नकाशाच्या तळाशी बोट ठेवलं. "आणि बघा, नियमाप्रमाणे श्रेयसुद्धा दिलंय. 'खुल्या नकाशाचे सर्व योगदाते.' म्हणजे तुम्हीच की."

त्यानं तिला गार पाण्याचा ग्लास आणून दिला. समतानं तो घेतला नाही.

त्यानंतरचे तीन महिने तिनं आणि आशुतोषनं अर्ज करण्यात घालवले. बोअरची खोली, झऱ्यापासूनचं अंतर, परवानगीच्या तारखा. सगळे कागद नियमात बसणारे निघाले. बोअरमुळंच झरा आटला हे सिद्ध करायला आधीच्या काही वर्षांची मोजणी हवी, असं एका अधिकाऱ्यानं सांगितलं. ती तिच्याकडं होती. पण मोजलेल्या दोन्ही वर्षांत पाऊस बरा झाला होता आणि यंदा कमी, तेव्हा पावसानंच आटला असेल, असं दुसऱ्यानं सांगितलं. रागाच्या भरात एके दिवशी तिनं बारमाशीचा ठिपकाच नकाशावरून पुसून टाकला. दोन दिवसांत कुणा परक्या देशातल्या अनोळखी माणसानं तो परत बसवला आणि सभ्य भाषेत लिहिलं: जी गोष्ट जागेवर आहे ती कृपया पुसू नये. हा नियम समता स्वतः मुलांना शिकवायची.

एप्रिलच्या शेवटी धार तुटली.

ती निपाणीला बापाकडं गेली आणि सगळं सांगितलं. सिद्राम दारातल्या खुर्चीत बसून ऐकत होता. त्याला अलीकडं कमी दिसायचं. त्यानं हातातली काठी फिरवली. मग म्हणाला, "आपली जमीन नकाशा बघायला मिळाला न्हाय म्हणून गेली. त्यांचं पाणी नकाशात दिसलं म्हणून गेलं. आता मी तुला काय सांगू, बाळ?"

तो उठून आत गेला आणि तिच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.

करंजगाळीला पंचायतीचा टँकर आठवड्यातून दोनदा यायला लागला. रस्ता खराब झाला की तोही नाही. पाहुण्यांना नाही म्हणावं लागलं, कारण स्वतःलाच पुरेना. बायका अर्ध्या कोसावरच्या नाल्यात उतरून पाणी आणू लागल्या. आधी दोन घरं गेली, मग आणखी एक. पुढच्या वर्षी मार्चमध्ये, डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन नाला चढताना गुणाबाईचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. परशरामनं आणि आणखी दोघांनी तिला घोंगडीच्या डोलीतून रस्त्यापर्यंत आणलं.

बेळगावच्या दवाखान्यात समता रोज संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर तिच्याजवळ बसायची. हाड बसवलं, पण पडून राहिल्यानं छातीत कफ धरला आणि ताप उतरेना. गुणाबाई कुणाला दोष देत नव्हती. तिची एकच तक्रार होती.

"पाणी दे गं, पोरी." समतानं पेला तोंडाला लावला की ती एक घोट घेऊन तोंड फिरवायची. "ह्या पान्याला वास येतोय. दुसरं न्हाय व्हय?"

समतानं बाटलीबंद पाणी आणलं, घरचं उकळून आणलं, अनगोळातल्या एका जुन्या आडाचं आणलं. प्रत्येकाला गुणाबाईला वास यायचा. एकोणिसाव्या दिवशी सकाळी ती गेली. आप्पा तेव्हा खाटेच्या पायथ्याशी बसला होता. त्यानं तिचे पाय चादरीनं झाकले आणि तसाच हात ठेवून बसून राहिला. समता रडत त्याच्याजवळ गेली.

"आप्पा, मी टाकला तो ठिपका. माझ्यामुळं झालं हे."

"तू न्हवं गं," आप्पा म्हणाला. "तुला कोन दावली? मीच दावली."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

लेकीनं आप्पाला बेळगावजवळच्या कंग्राळीला आपल्या घरी नेलं. तिथं घरात नळ होता. दोन दिवसांआड पाणी यायचं. समता महिन्यातून एकदा जायची. आप्पा ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या बघत असायचा. कमरेला कोयता नव्हता, म्हणून तो अर्धा वाटायचा. रानाचा विषय तो काढत नसे आणि तीही काढत नसे. मग नोव्हेंबरातल्या एका दुपारी, ती निघायला उठली तेव्हा, तो एकदम म्हणाला:

"आनि तीन हाईत."

"काय, आप्पा?"

"झरी. बारमाशीसारख्याच. ल्हान हाईत, नाल्यापरीस लांबबी हाईत, पर तुटत न्हाईत. माझ्या आज्यानं मला दावल्यात्या. गुणीला ठाव होत्या. आता मलाच ठाव हाईत." त्यानं तिच्याकडं बघितलं. "तुला सांगू?"

समता ओट्याच्या कडेला उभी होती. तिला तो निळा ठिपका आठवला, सोनेरी बाक आठवला, गुणाबाईनं फिरवलेलं तोंड आठवलं. तिनं दोन्ही हात जोडले.

"नको, आप्पा. मला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

आप्पानं तिचे जोडलेले हात खाली केले. "बरं," म्हणाला. "तू म्हंतीस तर न्हाय सांगत."

घरी जाताना कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदा तिला वाटलं की आपण काहीतरी नीट केलं.

जानेवारीत थंडी फार पडली. आप्पा एका पहाटे झोपेतच गेला. लेकीनं समताला कळवलं; ती मातीला गेली. परशराम आला होता, केस काढलेला, डोळे सुजलेले. करंजगाळीत आता त्याच्यासकट तीनच घरं उरली होती.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. "आक्का, नाला आटलाय आनि टँकरबी बंद झालाय. गावाकडचा रस्ता खचलाय, पावसाआधी दुरुस्त व्हत न्हाय म्हंत्यात. आमची म्हातारी आई सांगती, आप्पाला आनि कुठलं तरी पानी ठाव हुतं. तुमास्नी काय सांगून गेला का?"

"मी येते," एवढंच समता म्हणाली.

तीन दिवस ते दोघं रान तुडवत होते. समतानं सगळ्या विद्येचा वापर केला: दगड कुठं बदलतो, उतार कुठं अडतो, कुठल्या झाडांची पानं अजून हिरवी आहेत. एका घळीत उंबर दिसलं म्हणून परशरामनं कुदळीनं कमरेएवढं खणलं. ओलसर माती लागली, मग कोरडी, मग दगड. तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर तो खड्ड्यातून वर आला आणि कडेला बसला.

"आप्पा असता तर हितं आलाबी नसता," तो म्हणाला. "सरळ जाऊन उभा ऱ्हायला असता. पर त्यानं कुनालाच कसं सांगितलं न्हाय?"

आता गप्प बसणं समताला जमेना. "परशराम, तो सांगत होता. मला सांगत होता. मीच नको म्हटलं. कुणालाच सांगू नका म्हटलं."

परशरामनं तिच्याकडं बघितलं. आधी त्याला ते कळलंच नाही. मग कळलं.

"तुमी म्हटलासा?" तो उठून उभा राहिला. "आवो, कुनी विचारलं हुतं तुमास्नी? मला एक फोन करायचा हुता. माझ्या म्हातारीला इचारायचं हुतं. दावायचं बी तुमीच ठरवलासा, झाकायचं बी तुमीच ठरवलासा. पानी कुनाचं हुतं ते?"

बारमाशीचा ठिपका समतानं गावाला विचारून टाकला नव्हता. एका म्हाताऱ्याच्या चांगुलपणावर टाकला होता. आणि त्याच म्हाताऱ्याचं तोंड तिनं मायेपोटी बंद केलं होतं. तिला वाटत होतं, परशरामनं अजून बोलावं. पण तो थांबला. त्यानं कुदळ खांद्यावर घेतली.

"चला," तो म्हणाला. "गव्यांची येळ झालीया."

तो पुढं चालला, ती मागं. काट्याची फांदी आली की तो हातानं बाजूला धरायचा, ती पुढं गेली की सोडायचा. रस्त्यापाशी तिची स्कूटर लवकर चालू होईना. त्यानं दोन लाथा मारून ती चालू करून दिली. ती "येते" म्हणाली. त्यानं नुसती मान हलवली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उरलेल्या तिन्ही घरांनी करंजगाळी सोडली. परशराम म्हातारीला घेऊन खानापूरला गेला आणि पुन्हा लाकडाच्या वखारीत कामाला लागला. त्यानं समताला कळवलं नाही. आशुतोषचा निरोप आला तेव्हा ती कॉलेजच्या व्हरांड्यात होती आणि तासाची घंटा झाली होती. ती वर्गात गेली, हजेरी घेतली, खडू हातात घेऊन नकाशा काढायला फळ्याकडं वळली. मुलं वह्या उघडून बसली. फळा कोराच राहिला, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, बरं वाटत नाही का?"